चौसाळ्याचा मुका कुकर

साल होतं दोन हजार बावीस. त्या वर्षीच्या हिवाळ्यात बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याच्या एका घरात माझ्या पोटात जे शिजलं, तसं नंतर कधी शिजलं नाही. मित्रांनो, मी एक जुना स्लो कुकर आहे. बाहेरून पत्र्याचा, आतून जाड चिनी मातीचा, वर काचेचं झाकण. मला शिट्टी नाही. माझ्या खाली विस्तव लागत नाही. पिन लावली की माझं अंग हळूहळू तापतं आणि दिवसभर तसंच कोमट-गरम राहतं. जे काम गॅसवर अर्ध्या तासात होतं, त्याला मला सकाळची संध्याकाळ लागते. काही पदार्थांना तेवढाच वेळ द्यावा लागतो, हे लोकांना पटायला मात्र फार वेळ लागला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. भट्टीची आच आठवते आणि नंतर खोक्यातला अंधार. आयर्लंड देशातल्या कॉर्क नावाच्या शहरात एका दुकानातून मला ज्योत्स्नानं विकत घेतलं. ज्योत्स्ना चौसाळ्याची. शहादेव आणि मनकर्णा यांची थोरली मुलगी. अंबाजोगाईला नर्सिंग शिकली आणि तिथून थेट परदेशातल्या दवाखान्यात कामाला लागली. तिच्या खोलीत दुसरी एक नर्स राहायची, ती फ्रान्सची. दोघींच्या ड्युटीच्या पाळ्या उलटसुलट असत. एक कामाला निघताना मला भरून जायची, दुसरी आल्यावर जेवायची.

त्या फ्रान्सच्या मुलीनंच ज्योत्स्नाला कांद्याचं सूप शिकवलं. करायला अगदी साधं. ढीगभर कांदे पातळ उभे चिरायचे, लोण्यात घोळवून माझ्यात घालायचे आणि विसरून जायचं. कांदा आधी पाणी सोडतो, मग त्या पाण्यात मऊ होतो, मग पाणी आटतं आणि कांदा गुळासारखा तांबूस होतो. त्यावर हाडांचं पाणी घालायचं, पुन्हा शिजवायचं आणि वाटीत वाढताना वर भाजलेला पाव आणि चीज. पहिल्या दिवशी ज्योत्स्ना म्हणाली होती की आमच्याकडे एवढ्या कांद्यात आख्ख्या गल्लीची भाजी होते. पण तिनं खाल्लं आणि पुन्हा मागून घेतलं. पुढची चार वर्षं दर रविवारी मी तेच सूप केलं. ते माझे सुखाचे दिवस होते. मला वेळेवर धुवायच्या, कोरडं करून ठेवायच्या, आणि कुणी आलं की माझं कौतुक व्हायचं.

मग घरून फोन आला आणि ज्योत्स्नानं रजा काढली. स्वेटरांत गुंडाळून तिनं मला बॅगेत घातलं.

चौसाळ्याला आलो तेव्हा माझी पिन इथल्या बोर्डात बसेना. ज्योत्स्नाचा धाकटा भाऊ पवन वायरमन. त्यानं जुनी पिन कापून नवी बसवली आणि मला मागच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात जागा मिळाली. हे स्वयंपाकघर घराच्या अगदी मागं, पुढच्या खोलीपासून लांब. मधे एक दार. ते दार कायम लावलेलं असायचं.

मनकर्णाबाईंनी पहिल्या दिवशी माझ्यात तुरीची डाळ लावली आणि शिट्टीची वाट बघत बसल्या. निवडण झालं, भांडी झाली, शिट्टी काही होईना. शेजारची मंगल ताक न्यायला आली, तिनं माझ्याकडे वाकून बघितलं. ज्योत्स्नाचं लग्न अजून व्हायचं होतं आणि त्यावरून मंगलची जीभ कायम वळवळायची.

"वयनी, पोरीनं सायबाच्या देशातून जावई तर आणला, पण मुका आणलाय की," ती म्हणाली.

"मुका बरा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुझ्या घरातला बोलका बघितलाय मी."

तेव्हापासून मी त्या गल्लीत मुका कुकर झालो.

आता त्या घराला काय झालं होतं ते सांगतो. शहादेव म्हणजे या भागातला नावाजलेला आचारी. आपल्या बौद्ध समाजातली लग्नं, जयंतीचं जेवण, वर्षावासाचा, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या व्रताचा समारोप, कुठंही मोठी पंगत असली की गेवराईपासून धारूरपर्यंत शहादेवला सांगावा यायचा. त्यांच्या हातची येसर आमटी लोक वाटीवर वाटी प्यायचे. येसर म्हणजे धान्य, डाळ आणि मसाले भाजून केलेलं पीठ. त्यानं आमटीला दाटपणा येतो. मोठ्या चुलाण्यासमोर उभं राहायचं आणि तोंडात तंबाखूचा बार धरायचा, अशी त्यांची तीस-चाळीस वर्षं गेली. त्या तंबाखूनं डाव्या गालात गाठ केली. ऑपरेशन झालं, अर्धा जबडा गेला, नंतर किरणांचे शेक झाले. शेकांनी जिभेची चव गेली. पाणी आणि डाळ त्यांना सारखंच लागायचं. म्हणून त्यांनी खाणं सोडलं.

काही महिने नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागलं. नळी काढली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की आता तोंडानं खायला हवं. वजन आणखी उतरलं तर नळी परत घालावी लागेल. शहादेव त्यावर एवढंच बोलले होते की परत नळी घालायची असेल तर मला दवाखान्यात नेऊच नका. हे ते रागानं बोलले नव्हते. मनकर्णाबाईंना म्हणूनच भीती वाटत होती. ज्योत्स्नाची रजा संपायच्या आत डॉक्टरांकडे वजन करायला जायचं होतं आणि वजन उतरतच चाललं होतं.

घरच्यांनी त्यांच्यासाठी पुढच्या खोलीत खाट टाकली होती. तिथं उजेड होता, हवा होती, पवननं इन्व्हर्टरही त्याच खोलीत बसवला होता, कारण घशातला कफ ओढायचं यंत्र लाइट गेली तरी चालायला हवं होतं. दवाखान्यात कुणीतरी सांगितलं होतं की अशा आजाऱ्याला फोडणीच्या वासानं उमासे येतात. म्हणून स्वयंपाक मागं, मधलं दार बंद. जेवणंही मागंच. त्यांना खाता येत नाही आणि आपण त्यांच्यासमोर घास घ्यायचा, हे कुणालाच सहन होत नव्हतं. मनकर्णाबाई ताटाचा आवाज होऊ नये म्हणून खाली फडकं पसरायच्या. पवन उभ्याउभ्या खाऊन जायचा. मी त्या घरात राहून शहादेवना पाहिलंसुद्धा नव्हतं. दारापलीकडून त्यांचा खोकला तेवढा ऐकू यायचा.

ज्योत्स्नानं त्यांच्यासाठी माझ्यात कांद्याचं सूप लावायचं ठरवलं. मऊ असतं, चावावं लागत नाही, तिखट नाही, अंगात जाईल, असा तिचा हिशेब. पहिल्या वेळी ते फसलं. मनकर्णाबाईंना झाकण लावून शांत बसणं जमेना. खाली लागेल, करपेल, म्हणून त्या दर थोड्या वेळानं झाकण उघडून ढवळायच्या. माझी सगळी ऊब निघून जायची. मी पुन्हा तापेपर्यंत त्या पुन्हा उघडायच्या. संध्याकाळी पाणचट, पांढरट काहीतरी झालं. ज्योत्स्नानं ते वाटीत घालून पुढं नेलं. शहादेवनी दोन चमचे घेतले आणि वाटी बाजूला सारली. मायलेकी मागं परत आल्या. माझ्यातलं उरलेलं सूप म्हशीच्या आंबोणात गेलं.

दुसऱ्यांदा लावलं ते रजेच्या शेवटच्या आठवड्यात. पवननं बोकडाची हाडं आणून दिली, ज्योत्स्नानं त्यांचं आळणी पाणी काढून ठेवलं. कांदा मंगलनं आणि तिनं मिळून चिरला. सकाळी उजाडताच मला लावलं आणि ज्योत्स्नानं आईला बजावलं की झाकणाला हात लावायचा नाही. कांद्यानं पाणी सोडायला सुरुवात केली आणि लाइट गेली.

पवन बाहेर जाऊन आला. म्हणाला, गावची डीपी, म्हणजे लाइटीचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. नवी येईपर्यंत किती दिवस लागतील ते कुणी सांगू शकत नाही. ज्योत्स्ना म्हणाली, मग कांदा कढईत काढू, गॅसवर करू. पवन म्हणाला, "कावून? ह्याला कितीक लाइट लागती? दोन बलबाएवढी. इन्व्हर्टरवर आरामात चालंल, कफाच्या यंत्रालाबी पुरून उरंल."

"इन्व्हर्टर आबांच्या खोलीत हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या.

मनकर्णाबाईंचं म्हणणं, वासानं त्यांना उलटी होईल, जखम अजून कोवळी आहे. ज्योत्स्ना नर्स असूनही तिला तेच भय. शेवटी असं ठरलं की शहादेव झोपलेत तोवर मला तिथं लावायचं, ते जागे झाले की उचलायचं. अशा रीतीनं मी पहिल्यांदा त्या बंद दाराच्या पलीकडे गेलो.

खाटेवर एक लांब, हडकलेला माणूस भिंतीकडे तोंड करून झोपला होता. मला त्याच्या पायथ्याशी स्टुलावर ठेवलं. मी तापायला लागलो. कांद्याचा वास खोलीभर पसरला. ज्योत्स्ना दारात टेकून उभी होती. बऱ्याच वेळानं शहादेव कुशीवर वळले. डोळे उघडे होते. कधीपासून जागे होते कोण जाणे. ज्योत्स्ना मला उचलायला पुढं झाली.

"कांदा कुणी चिरला?" त्यांनी विचारलं. अर्धा जबडा नसल्यानं त्यांचे शब्द ओघळून यायचे, पण ऐकायची सवय असलेल्याला कळायचे.

"मी आन् मंगलकाकूनं, आबा."

"मंगलनं जाड चिरला. वास दोन येत्यात. एक गळाल्याचा, एक कच्च्याचा."

ज्योत्स्नानं झाकणातून पाहिलं. खरंच, काही फोडी जाड होत्या. ती काही बोलणार तोच मनकर्णाबाई आल्या आणि सवयीनं त्यांचा हात माझ्या झाकणाकडे गेला.

"उघडू नको," शहादेव म्हणाले. "सारखं झाकण कावून उघडतीस? दम धर की जरा."

मनकर्णाबाईंनी हात मागं घेतला. आपल्याला कुणी रागावल्याचं त्यांना एवढं बरं वाटलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या तिथंच खाली बसल्या.

त्या दिवशी मला तिथून कुणी हलवलं नाही. त्यांना उलटी झाली नाही, उमासाही आला नाही. जीभ गेली होती, नाक शाबूत होतं. दुपारभर ते डोळे मिटून पडून होते आणि मधूनच एखादं वाक्य बोलत होते. कांद्याचं पाणी फार झालंय, आता झाकणाखाली पळी घाल, तिरकं राहू दे, वाफ जाऊ दे. ज्योत्स्ना म्हणाली, फ्रान्सची मैत्रीणही शेवटी असंच करायची. ते म्हणाले, करणारच, कांदा सगळीकडं कांदाच असतो. नंतर पवननं कौतुकानं बीडहून आणलेलं चीज दाखवलं. त्यांनी वास घेतला आणि बाजूला ठेवायला सांगितलं.

"ह्याला येसर लावा," ते म्हणाले.

ज्योत्स्नानं सांगितलं की तिखट अजिबात चालणार नाही, तोंडात आग होईल. त्यावर बापलेकीत थोडा वाद झाला. शेवटी मनकर्णाबाईंनी ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ आणि धने भाजले आणि जात्यावर मिरचीशिवाय येसर दळलं.

"मिरची न्हाई ते येसर कसलं. पीठ हाय ते," शहादेव म्हणाले. पण त्यांनी नाही म्हटलं नाही.

उन्हं उतरली तेव्हा माझ्यातला कांदा तांबूस झाला होता. आळणी पाणी पडलं, येसर पडलं, सूप दाटलं. खरं सांगायचं तर ते फ्रान्सचंही उरलं नव्हतं आणि चौसाळ्याचंही झालं नव्हतं. ज्योत्स्नानं वाटी भरली, ज्वारीच्या भाकरीचा वरचा पापुद्रा त्यात भिजत घातला आणि वाटी त्यांच्यासमोर धरली.

त्यांनी तोंड फिरवलं.

ज्योत्स्नाचा चेहरा उतरला. तिनं समजावलं, डॉक्टरांचं सांगितलं, वजनाचं सांगितलं. नळीचं नाव तिनं घेतलं नाही, पण ते सगळ्यांच्याच मनात होतं. शहादेवनी हात वर करून तिला थांबवलं.

"पंगत कुठं हाय?" ते म्हणाले.

कुणाला काही कळेना.

"आचारी आधी जेवत न्हाई. तुझ्या आईला इचार. पंगत कुठं हाय?"

मनकर्णाबाई एकदम खाली बघायला लागल्या. त्यांच्या संसारात शहादेवना आधी जेवताना त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. लग्नात शेवटची पंगत उठल्यावर, घरी सगळ्यांचं झाल्यावर, तव्यावरची शेवटची भाकरी घेऊन ते बसायचे. चारचौघं पोटभर जेवताना बघितल्याशिवाय मला भूक लागत नाही, असं ते म्हणायचे. आणि गेले कित्येक महिने त्यांनी कुणालाच जेवताना पाहिलं नव्हतं.

"आमी जेवलो," मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या. "मागं."

"ठावं हाय. रोज मागंच जेवता. दार लावून." त्यांना धाप लागली, तरी ते थांबले नाहीत. "ताटाखाली फडकं टाकता. तरी ऐकू येतं मला. म्या काय मेलोय व्हय, मला लपवून जेवायला?"

मनकर्णाबाई उठल्या. त्यांनी मधलं दार उघडलं आणि दार परत लागू नये म्हणून त्याला पाटा लावून ठेवला. खोलीत सतरंजी टाकली. पवननं मंगलला हाक मारली. ती आली, सगळ्यांचे चेहरे बघितले आणि काही न विचारता मांडी घालून बसली. मनकर्णाबाईंनी माझ्यातून पळीनं वाढलं. पहिला घास घ्यायला कुणी तयार होईना. मंगलनंच सुरुवात केली. फुर्रकन ओढलं आणि म्हणाली, दादा, कांदा जाड चिरला तरी गोडच लागतोय की. शहादेव तिच्याकडे बघत राहिले. मग पवन जेवला, ज्योत्स्ना जेवली. मनकर्णाबाईंनी डोळ्यांतून पाणी गाळत, पण दोन वाट्या खाल्ल्या. शहादेवनी पवनला आणखी वाढायला लावलं. मंगलला नको म्हणत असताना वाढायला लावलं. कुणाच्या ताटात काय कमी आहे ते ते खाटेवरून बघत होते. लग्नाच्या मांडवात ते असेच फिरत असतील, एवढं मला त्यांच्या डोळ्यांवरून कळलं.

ताटं उचलली गेली. मग त्यांनी ज्योत्स्नाकडे हात केला. तिनं वाटी दिली. चमचा धरायला त्यांनी कुणाची मदत घेतली नाही. निम्मं गालातून ओघळलं, ते पुसत पुसत त्यांनी वाटी संपवली. चव लागली का, असं पवननं विचारलं. नाही लागली, म्हणाले. आणि भाकरीचा आणखी एक पापुद्रा मागितला.

त्या दिवसापासून त्या घरात मधलं दार बंद झालं नाही. जेवणं खाटेजवळ व्हायला लागली. डीपी आली, लाइट आली, पण मी त्याच स्टुलावर राहिलो. ज्योत्स्नाची रजा संपायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात वजन केलं. ते वाढलं नव्हतं, पण उतरलंही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, असंच चालू द्या, नळीची घाई नाही. पुढच्या खेपेला ते थोडं वाढलं.

मित्रांनो, पुढं कोणाचं काय झालं ते सांगून थांबतो. शहादेव त्यानंतर दीड वर्ष जगले. पुढच्या जयंतीला त्यांना खुर्चीवर बसवून चुलाण्याजवळ नेलं होतं. नुसत्या वासावर त्यांनी चार कढया उतरवायला लावल्या आणि शेवटची पंगत उठेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. नंतर आजार मानेत परतला. नळी मात्र त्यांना पुन्हा लागली नाही. ज्योत्स्ना कॉर्कला परत गेली, आता तिथल्याच एका दवाखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. तिनं नवा स्लो कुकर घेतला, असं फोनवर बोलताना मी ऐकलं. मला वाईट वाटलं नाही. मंगल तिच्या मुलाकडे गेवराईला राहायला गेली, अधूनमधून येते आणि अजून कांदा जाड चिरते. पवनचं लग्न झालं. त्याची बायको माया फार कामसू. एकदा तिनं मी गरम असताना माझ्यात गार पाणी ओतलं आणि माझ्या चिनी मातीला आरपार तडा गेला. तिची चूक नव्हती. स्टीलच्या भांड्यांची सवय असलेल्या हाताला ते कळत नाही. आता माझ्यात मिरचीशिवायचं येसर भरून ठेवतात. मनकर्णाबाई ते कुणी आजारी असलं की वाटीभर काढून देतात. त्या आता थकल्या आहेत. पुढच्या खोलीतली ती खाट आता त्यांची आहे, आणि घरातले सगळे त्यांच्यासमोर बसून जेवतात.

मित्रांनो, गरम भांड्यावर गार पाणी ओतू नका, ते आधी निवू द्या. एवढं आमच्यासारख्या वस्तूंसाठी. आणि घरात कुणी आजारी असेल, त्याला खाता येत नसेल, तर त्याची कीव करून दार लावून जेवू नका. त्याच्याजवळ ताट घेऊन बसा. त्याला विचारा, भाजीत मीठ बरोबर पडलंय का. त्याला चव लागत नसली तरी विचारा.